हेक मासा, त्याच्या कानातला खडा आणि आपण चुकीचं मोजलेलं वय

अंबाझरी_काठ

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. मुलगी-जावई स्पेनमध्ये व्हिगो या बंदराच्या गावी राहतात (तिकडचे लोक बीगो म्हणतात). यंदा आपल्या उन्हाचे तीन महिने मी त्यांच्याकडे काढले. परत येऊन पंधरा दिवस झाले, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतेय.

माझ्यासमोर एक काड्यापेटी आहे. आत कापसावर एक पांढुरका खडा. जेमतेम दोन सेंटीमीटर लांब, काकडीच्या बीसारखा निमुळता, एका अंगाने फुगीर, कडेला बारीक दाते. हेक नावाच्या माशाच्या डोक्यातून तो मी स्वतः काढला.

हेकला स्पेनमध्ये मेर्लुसा म्हणतात. लहान मूल असो, आजारातून उठलेला माणूस असो की सणाला आलेला पाहुणा, तिकडे ताटात हा मासा असतोच. एका पहाटे जावयांनी मला बंदरावरचा लिलाव दाखवला. बर्फाच्या पेट्यांत एकाच दिशेला तोंडं करून मांडलेले मासे, पाठ करडी, पोट रुपेरी. विक्रेत्याने एकाचं तोंड उघडून दाखवलं. आत सगळं काळं, शाई सांडल्यासारखं. दात सुयांसारखे आणि आतल्या बाजूला कललेले, म्हणजे आत गेलेलं भक्ष्य परत बाहेर येणार नाही. गळाने एकेक धरलेल्या माशाची पेटी वेगळी आणि तिचा भावही वेगळा, कारण जाळ्यात शेकडो मासे एकमेकांवर दाबले जातात आणि याचं अंग फार नाजूक.

शेजारच्या आजीबाईंनी एकदा लहान हेक तळून आणून दिले. प्रत्येकाची शेपूट त्याच्याच तोंडात अडकवलेली, बांगडीसारखा गोल. तिकडची ही जुनी पद्धत. चव उत्तम होती. पण मी मुलीची पट्टी घेऊन एक मासा सरळ करून मोजला. युरोपात अटलांटिकच्या बाजूला २७ सेंटीमीटरच्या खालचा हेक विकायला बंदी आहे, भूमध्य समुद्रात ही मर्यादा २० आहे. आमच्या ताटातला नियमात बसत होता. मात्र हेकची मादी अंड्यांवर येते ती चाळीस सेंटीमीटरच्या पुढे गेल्यावर. म्हणजे कायद्याने विकता येणाऱ्या कितीतरी माद्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात.

आणि मग या खड्याची गोष्ट. माशाच्या कानात असे खडे असतात, तोल सांभाळायला आणि ऐकायला. मासा वाढतो तसा खड्यावर थरावर थर चढतो, झाडाच्या बुंध्यात वळी दिसतात तशी. ती मोजून माशाचं वय काढतात. हेकचंही असंच काढत होते, कित्येक दशकं. आणि ते चुकत होतं. २००२ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी बिस्केच्या उपसागरात जिवंत हेक पकडून, खुणेचे बिल्ले लावून परत सोडले. सोडण्याआधी एक औषध टोचलं, त्याने खड्यावर त्या दिवसाची खूण उमटते. पुढे कोळ्यांच्या जाळ्यात ते मासे परत सापडले तेव्हा कळलं की हेक समजत होते त्याच्या साधारण दुप्पट वेगाने वाढतो. ज्या वळ्यांना वर्षं समजून मोजलं होतं, त्यातली बरीच वर्षं नव्हतीच.

एवढ्या मोठ्या मासेमारीचा हिशेब ज्या आकड्यावर उभा, तोच चुकीचा वाचला गेला होता, हे मला आतून हलवून गेलं. मी पोरांना वर्गात खवल्यावरच्या आणि खड्यावरच्या वळ्या शिकवल्या आहेत, अगदी ठामपणे. तुमच्यापैकी कुणाला या माशाबद्दल, या धंद्याबद्दल माहिती असेल तर जरूर लिहा.

त्रिमूर्तीनगर

काकू, छान लिहिलंत. एक साधी शंका. हॉटेलात पांढरा, काटे नसलेला तुकडा मिळतो, तो हाच का? आम्ही त्याला बासा म्हणतो.

मत्स्य_विद्यार्थी

नाही. बासा हा व्हिएतनामच्या मेकाँग नदीतला पंगस जातीचा, म्हणजे मांगूर-शिंगाड्यांच्या गोतावळ्यातला गोड्या पाण्याचा मासा. हेक पूर्ण खाऱ्या पाण्याचा आणि कॉडचा नातलग. तुकडे केल्यावर दोन्ही पांढरेच दिसतात, म्हणून घोळ होतो. अख्खा मासा पाहिला तर चुकण्याचं कारण नाही. हेकला पाठीवर दोन पर असतात, पहिला आखूड त्रिकोणी, दुसरा लांबलचक आणि मधे थोडा खाच पडलेला. कॉडच्या हनुवटीला मिशीसारखा धागा असतो, हेकला तो नसतो.

मी इथे तेलंगखेडीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो. मॅडमनी सांगितलेला प्रयोग आम्हाला वर्गात होता. त्यात सगळ्यात अवघड काम मासा जिवंत वर आणणं हेच होतं. हेक दिवसा तळाशी असतो, बहुधा सत्तर ते चारशे मीटर खोल. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते. झटकन वर ओढलं की ती फुगते, आणि खवले तर हात लावताच निघतात. म्हणून पाण्यासकट मासा वर येईल असं खास जाळं बनवलं होतं.

रात्री तो तळ सोडून वर येतो, खाण्यासाठी. लहान असताना कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खातो, मोठा झाला की सार्डिन, अँकोव्ही, निळा व्हायटिंग. आणि स्वतःची पिल्लंही. हेकच्या पोटात लहान हेक सापडणं ही नेहमीची बाब आहे. तळाचं ट्रॉल, म्हणजे जहाजामागे ओढायचं जाळं, दिवसा टाकलं तर जास्त मिळतो, ते यामुळेच.

डेकवरून

मी कामठीचा, आता मर्चंट नेव्हीत अठरा वर्षं झाली. नामिबियाच्या वॉल्व्हिस बे बंदरात आमचं जहाज बरेचदा लागलं आहे. तिथे हेक म्हणजे सारं गाव. कारखान्यांत पांढरे गमबूट घातलेल्या बाया ओळीने उभ्या, हातात पातळ सुरी, दोन हातांत एका माशाचे दोन तुकडे मोकळे. एका बाईला मी विचारलं, दिवसाला किती करता? ती म्हणाली, मोजत नाही, मोजलं की हात दुखतो.

तिथला हेक युरोपातल्यापेक्षा वेगळ्या जातीचा, आणि एकाच नावाखाली दोन जाती आहेत. एक उथळ पाण्यातली, दुसरी खोल पाण्यातली. वरून सारख्याच दिसतात. एका सुपरवायझरने कल्ला उघडून दाखवला होता. कल्ल्याच्या आतल्या काट्यांवर काळे ठिपके असले तर तो खोल पाण्यातला. वर्षानुवर्षं दोन्ही एकाच वजनात धरले जात होते.

त्या किनाऱ्याचा इतिहास वाईट आहे. साठच्या दशकात बर्फघरं असलेली मोठी जहाजं आली, स्पेनची, रशियाची, आणखी कुठकुठली. समुद्रातच पकडायचं, कापायचं, गोठवायचं, घरी न्यायचं. १९७२ साली दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या पाण्यातून मिळून दहा लाख टनांच्या वर हेक निघाला. मग घसरण. १९७७ ला दक्षिण आफ्रिकेने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांची स्वतःची मासेमारीची हद्द जाहीर केली. नामिबिया मात्र १९९० ला स्वतंत्र होईपर्यंत उघडाच होता, त्याचं पाणी राखायला त्याचं सरकारच नव्हतं. स्वतंत्र झाल्यावर पहिल्या कामांपैकी एक म्हणजे परक्या जहाजांना बाहेर काढणं. आज तिथे २०० मीटरपेक्षा उथळ पाण्यात हेकसाठी ट्रॉल ओढता येत नाही, कारण लहान मासा तिथे असतो. ऑक्टोबर महिनाभर हेकची मासेमारी बंद ठेवतात. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलै बंद असतो, तसंच.

अजून एक. त्या जहाजांच्या मागे अल्बट्रॉस पक्ष्यांचे थवे असतात. पंख पसरले की माणसापेक्षा लांब. गळाच्या दोरीवरचं आमिष पाण्यात बुडायच्या आत ते झडप घालतात आणि गळासकट खाली जातात. ट्रॉलच्या तारांवर आपटूनही मरतात. त्यावर उपाय काय, तर जहाजाच्या मागे एक दोरी, तिला रंगीत पट्ट्या लोंबत्या बांधायच्या. लग्नाच्या मांडवाला पताका लावतात ना, तशा. पक्षी त्याला बिचकतो. एवढ्या साध्या दोरीने मरणारे पक्षी पूर्वीच्या मानाने अगदी थोडे राहिले. मी ती दोरी हाताने धरून पाहिली आहे. शेतात चिमण्या हाकलायला आमचे आजोबा चिंध्या बांधायचे, तीच गोष्ट.

हर्णैची_लेक

माहेर कोकणात, सासर नागपूरच्या महाल भागात. ताई, तुमचा धागा वाचून फार बरं वाटलं, इथे समुद्राच्या माशावर कुणी एवढं लिहीत नाही.

गळाने धरलेल्या माशाला भाव जास्त हे अगदी पटलं. आमच्याकडे दावण लावतात, एका दोरीला शेकडो गळ. दावणीचा मासा आणि जाळ्याचा मासा माझी आई डोळ्यांनी ओळखायची.

तुम्ही लिहिलंत की याचं अंग नाजूक. बोंबलासारखं का? बोंबील ओला असताना हातात धरला तरी वाकतो.

अंबाझरी_काठ

@हर्णैची_लेक, बोंबलाइतकं नाही गं. बोंबलाच्या अंगात पाणीच फार. ताजा हेक घट्ट असतो, शिजला की मोठमोठ्या पाकळ्या सुटतात. पण मऊ पडतो लवकर.

तुझ्या प्रश्नावरून एक सांगते. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला पॅसिफिक हेक असतो. त्याच्या मांसात कुडोआ नावाचा अतिसूक्ष्म परजीवी असतो. मासा जिवंत असेपर्यंत काही दिसत नाही. मेला की त्या परजीवीचं विकर मांस विरघळवायला लागतं, आणि उशीर झाला तर तुकड्याचा लगदा होतो. माणसाला त्याने आजार होतो म्हणून नव्हे, पण विकायला काही उरत नाही. म्हणून तिथे मासा लगोलग थंड करून कापतात, आणि पुष्कळसा सुरिमीत जातो. सुरिमी म्हणजे धुऊन पाणी काढलेला माशाचा लगदा, ज्याच्यापासून खेकड्याच्या नावाने मिळणाऱ्या त्या लाल-पांढऱ्या कांड्या करतात.

आणि साफ करताना मला पोटात गोल गुंडाळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या, तांदळाच्या शेवयांच्या तुकड्यासारख्या. अनिसाकिस. मी दचकले, मुलगी शांत. तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. कच्चा किंवा अर्धवट शिजवलेला मासा वाढायचा असेल तर हॉटेलवाल्याने तो आधी उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवलाच पाहिजे, असा स्पेनमध्ये २००६ पासून नियम आहे. नीट शिजवला की भीती नाही.

लाखांदूरकर

ताई, जय भीम, नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातला, ढीवर समाजाचा. आमच्या मच्छीमार सोसायटीकडे दोन मालगुजारी तलाव आहेत. समुद्र मी एकदाच पाहिला, चौपाटीवर. हेक काही माहीत नाही. पण तुमचं पट्टी घेऊन मोजणं मनाला लागलं.

आमच्या तलावात रोहू-कतल्याचं बीज सोडतो. त्यांना वाहतं पाणी लागते अंडी घालायला, उभ्या तलावात घालत नाहीत, म्हणून दरवर्षी बीज विकत. तो हिशेब सोपा आहे, सोडले किती, निघाले किती. पण गावठी मासा, मरळ, दाडक, वाम, त्याला कोणी सोडत नाही. तो पहिल्या पावसात नाल्याने चढतो आणि आपली अंडी आपण घालतो. त्याच टायमाला पोट्टे नाल्यावर जाळी लावून बसतात. पोटात अंडी भरलेला मासा, दोन दिवसांत पोतंभर. माझे वडील म्हणायचे, चढता मासा धरू नको, उतरता धर. आता कोणी ऐकून नाही राहिलं. बाजारात मरळ कमी होऊन राहिली आणि सगळे म्हणतात पाणी खराब झालं. पाणीही झालं असेल. पण ती जाळी मी डोळ्यानं पाहतो ना.

त्रिमूर्तीनगर

एक मुद्दा मांडतो. हेक दुप्पट वेगाने वाढतो असं निघालं, तर ही चांगलीच बातमी नाही का? मासा लवकर तयार होतो, म्हणजे जास्त धरायला हरकत नाही. मग एवढी काळजी कशाची?

मत्स्य_विद्यार्थी

हा प्रश्न आमच्या सरांनीही विचारला होता आणि अर्धा वर्ग तुमच्यासारखंच बोलला.

नीट पाहा. पूर्वी ६० सेंटीमीटरच्या हेकला समजा आपण बऱ्याच वर्षांचा धरत होतो. आता तो त्याच्या निम्म्या वयाचा निघाला. तर मग खरोखर म्हातारे मासे कुठे आहेत? हा मासा १४० सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो, पंधरा किलोचा होऊ शकतो. तेवढे जाळ्यात फारसे दिसत नाहीत. म्हणजे ज्या समुद्रात आपण आजोबा-नातू एकत्र नांदतात असं समजत होतो, तिथे सगळी पोरंच आहेत. दोन वर्षं पिल्लं कमी आली की भार उचलायला मागे मोठे मासे नाहीत. वेगाने वाढणारा साठा (म्हणजे एका भागातले सगळे मासे मिळून) वेगाने सावरतो हे खरं, पण तो वेगाने कोसळतोही.

सावरल्याचं उदाहरणही हेकचंच आहे. बिस्केपासून वर आयर्लंड-स्कॉटलंडपर्यंतचा जो उत्तरेचा साठा, त्याची हालत नव्वदच्या दशकाअखेर इतकी खालावली की २००१ मध्ये युरोपीय संघाने तातडीचे नियम काढले. लहान मासे जिथे असतात त्या भागांत जाळ्याचा डोळा १०० मिलिमीटरचा केला. २००४ मध्ये पुनरुज्जीवनाचा आराखडा आला. पुढच्या दहा वर्षांत तो साठा खरोखर भरून आला. भूमध्य समुद्रात मात्र तसं झालं नाही. तिथे अजूनही पिल्लंच जास्त धरली जातात.

आणि वयाचा आकडा भरवशाचा नाही म्हटल्यावर २०१० पासून त्या साठ्याचा हिशेब वयाऐवजी लांबीवर करतात. किती लांबीचे किती मासे आले, हे मोजत राहायचं. आपल्याकडे उष्ण समुद्रात ऋतूंचा फरक कमी, त्यामुळे खड्यावरच्या वळ्या अस्पष्ट उमटतात आणि भारतात पहिल्यापासून लांबी मोजण्यावरच जास्त भर आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये बऱ्याच समुद्री माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्यामागे हीच मोजणी आहे. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला.

@लाखांदूरकर काका, तुम्ही सोसायटीत मरळीची लांबी वहीत लिहून ठेवू शकाल का? आठवड्याला वीस मासे पुरेत. पोटात अंडी होती की नव्हती एवढंच समोर लिहायचं. मी येऊन पद्धत दाखवीन.

लाखांदूरकर

हाव, या. बस स्टँडवर घ्यायला येतो. वही आहे, मुलगी दहावीत आहे, ती लिहील.

हर्णैची_लेक

ताई, हेक इथे मिळणार नाही, पण तुमच्यासारखा खडा तुम्हाला नागपुरात मिळेल. ढोमा घ्या. त्याच्या डोक्यात चांगले टपोरे खडे असतात. लहानपणी आम्ही ते गोळा करून सागरगोट्यांसारखे खेळायचो. डोकं मागच्या बाजूने उभं चिरा, मेंदूच्या खाली दोन्हीकडे बसलेले असतात.

अंबाझरी_काठ

@हर्णैची_लेक, काल सकाळी भोईपुऱ्यात गेले. रोहू-कतल्याचे ढीग होते, समुद्राची टोपली एकाच बाईकडे होती, त्यात बर्फाखाली सहा ढोमे. दोन घेतले. मोठा २९ सेंटीमीटर, लहान १७. तिने डोकी टाकून द्यायला सुरी उचलली, मी म्हटलं, डोकीच हवीत.

घरी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून तू सांगितलंस तसं चिरलं. पहिला खडा सुरीने दुभंगला. दुसरा अख्खा निघाला. हेकचा लांबट आणि चपटा, हा जाड, त्रिकोणी, दाढेसारखा. हातात चक्क वजन लागतं. दुभंगलेला अर्धा मी सहाणेवर पाणी घालून घासला, शाळेतून निवृत्त होताना पोरांनी दिलेलं भिंग काढलं आणि खिडकीशी बसले.

वळ्या दिसल्या. मधे एक गडद ठिपका, त्याभोवती एक स्पष्ट कडं, मग दोन पुसट, मग पुन्हा एक स्पष्ट. मी तीनदा मोजलं. एकदा दोन आले, एकदा तीन, एकदा चार. दुपारी परत मोजलं, तीन. पूर्वी मी पोरांना फळ्यावर एक वळी म्हणजे एक वर्ष असं लिहून द्यायचे. काल वहीत लांबी लिहिली, वजन लिहिलं, तारीख लिहिली, आणि वयाची जागा मोकळी सोडली.

लहान ढोम्याच्या पोटात अंडी नव्हती. मोठ्याच्या होती, दोन पिवळसर पिशव्या, बोटाएवढ्या.

@मत्स्य_विद्यार्थी, लाखांदूरला जाल तेव्हा मला कळवा, मीही येते. मोजपट्टी माझ्याकडे आहे, भिंगही आणते. दहावीतल्या मुलीला खडा कसा काढायचा ते दाखवायचं आहे.